फक्त बाईक सुसाट होती म्हणून पोलीस मागं लागले, आणि ७५ सेकंदांत मागं बसलेला पोरगा गेला

तारीख २२ मे १९९०. ठिकाण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातलं सॅक्रामेंटो. रात्रीचे साडेआठ वाजत आले होते. कुठंतरी भांडण चालू आहे असा फोन आल्यामुळं शेरीफच्या खात्यातले दोन पोलीस तिथं पोहोचले होते. भांडण मिटवून एक जण आपल्या गाडीकडं परत निघाला, तर समोरून एक मोटरसायकल सुसाट येताना दिसली.

चालवणारा १८ वर्षांचा. मागं बसलेला १६ वर्षांचा. ज्या भांडणासाठी पोलीस आले होते, त्याच्याशी या दोघांचा काडीचाही संबंध नव्हता.

पोलिसानं गाडीवरचे दिवे लावले, थांबा म्हणून ओरडला आणि आपली गाडी दुसऱ्या पोलिसाच्या गाडीजवळ सरकवली. दोन गाड्यांच्या मधे बाईक अडकेल असा हिशोब होता. पण पोरानं त्या फटीतनं बाईक काढली आणि गिअर टाकला. दुसऱ्या पोलिसानं लगेच सायरन चालू केला, गाडी वळवली आणि मागं लागला.

पुढचं सगळं ७५ सेकंदांत झालं. अंतर जेमतेम २ किलोमीटर. हायवे नाही, तर लोकांची घरं असलेला भाग. बाईक समोरून येणाऱ्या गाड्यांमधनं वाट काढत पळत होती. दोन कार आणि एका सायकलवाल्याला रस्ता सोडून बाजूला व्हावं लागलं. वेग ताशी १६० किलोमीटरपर्यंत गेला. शेवटी एका डावीकडच्या वळणावर बाईक आडवी झाली. चालवणारा पोरगा बाजूला फेकला गेला आणि वाचला. मागं बसलेला रस्त्यावरच होता. पोलिसानं करकचून ब्रेक दाबला, तरी गाडी घसरत आली आणि ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं त्याला धडकली. तो २० मीटरहून जास्त लांब फेकला गेला. जागेवरच गेला.

त्याच्या आईवडिलांनी केस केली. ती आठ वर्षं चालली आणि थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पोहोचली. कौंटी ऑफ सॅक्रामेंटो विरुद्ध लुईस या नावानं ती ओळखली जाते आणि पोलिसांच्या पाठलागाचा विषय निघाला की तिकडं आजही तिचं नाव निघतं.

आता यात थोडं गणित आहे.

कोर्टाच्या निकालात एक आकडा आहे. पाठलाग करताना पोलिसाची गाडी बाईकच्या मागं कमीत कमी १०० फुटांवर, म्हणजे ३० मीटरवर होती. आणि त्या वेगात ती गाडी थांबायला लागणारं अंतर होतं ६५० फूट, म्हणजे जवळपास २०० मीटर.

ताशी १६० म्हणजे सेकंदाला ४४ मीटर. ३० मीटरचं अंतर कापायला पाऊण सेकंदही लागत नाही. माणसाला समोर काहीतरी झालंय हे दिसायला, मेंदूपर्यंत पोहोचायला आणि पाय ब्रेकवर यायला साधारण एक ते दीड सेकंद जातो. थोडक्यात काय, बाईक पडली तर ती चुकवणं कुणाच्याच हातात उरलं नव्हतं. पोलीस कितीही तरबेज ड्रायव्हर असता तरी.

आणि बाईक पडायची शक्यता तर भरपूर असते. कार वेगात वळली की घसरते, फिरते, पण चार चाकांवर बऱ्याचदा उभी राहते. बाईक वळवायची म्हणजे ती कलवावी लागते. वेग दुप्पट झाला की त्याच वळणासाठी टायरला चौपट पकड लागते आणि थांबायचं अंतरही जवळपास चौपट होतं. त्यात मागं डबलसीट माणूस असेल, तो घाबरून उलट्या बाजूला झुकला, थोडी वाळू आली, की संपलं. शिवाय मागं सायरन वाजत असताना पळणाऱ्याचं अर्धं लक्ष आरशात असतं.

म्हणजे कारचा पाठलाग आणि बाईकचा पाठलाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाईकवाला पडला की त्याच्यात आणि मागून येणाऱ्या दीड टनाच्या पोलीस गाडीत काहीच नसतं.

मग कोर्ट काय म्हणालं?

आईवडिलांचं म्हणणं असं होतं की, पोलिसानं त्यांच्या मुलाचा जगण्याचा घटनात्मक हक्क हिरावून घेतला. आपल्याकडच्या कलम २१ च्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे. खालच्या कोर्टानं पोलिसाच्या बाजूनं निकाल दिला. अपील कोर्टानं तो फिरवला. आणि २६ मे १९९८ ला सुप्रीम कोर्टानं अपील कोर्टाचा निकाल फिरवला. पोलिसाला जबाबदार धरता येणार नाही यावर सगळ्या न्यायमूर्तींचं एकमत होतं.

न्यायमूर्ती सूटर यांनी लिहिलेल्या निकालाचा मुद्दा साधारण असा होता. ज्याच्याकडं शांतपणे विचार करायला वेळ आहे त्यानं बेफिकिरी दाखवली तर घटनेचा भंग होऊ शकतो. पण क्षणात निर्णय घ्यायची वेळ आली तर नुसती बेफिकिरी पुरेशी नाही. समोरच्याला इजा करायचाच हेतू होता हे दाखवावं लागेल. इथं तसा हेतू दिसत नव्हता. सुसाट पळायचा निर्णय बाईक चालवणाऱ्याचा होता, पोलिसानं त्याला उत्तर दिलं.

कायदा म्हणून हे पटण्यासारखं आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या, पाठलाग बरोबर होता असं कोर्टानं म्हटलेलं नाही. पोलिसानं अविचार केला असेल, तरी तेवढ्यानं घटनेचा भंग होत नाही, एवढंच कोर्टाचं म्हणणं होतं. आणि या सगळ्यात ज्याचा जीव गेला त्यानं ना ॲक्सिलरेटर पिळला होता, ना सायरन लावला होता.

या निकालानं पोलिसांना कोर्टात संरक्षण मिळालं, पण प्रश्न काही सुटला नाही. अमेरिकेत आजही दरवर्षी पाठलागांमध्ये शेकडो माणसं मरतात, आणि त्यात बाजूनं चाललेली, काही संबंध नसलेली माणसंही असतात. म्हणून तिकडच्या अनेक शहरांनी स्वतःच नियम कडक केले. मिलवॉकी शहरानं २०१० मध्ये ठरवलं की हिंसक गुन्हा असेल तरच पाठलाग करायचा. पुढं आरडाओरडा झाला की गुन्हेगार बिनधास्त पळतायत, तेव्हा २०१७ मध्ये नियम पुन्हा सैल केले.

हा आरडाओरडा उगाच नव्हता, हे समजायला लंडनला जावं लागेल.

तिथं २०१७ च्या आसपास मोपेडवरून मोबाईल आणि बॅगा हिसकावायचं पेव फुटलं होतं. चोरांना एक गोष्ट कळली होती. पाठलागात मोपेडवाला मेला तर पोलिसांची चौकशी लागते, त्यामुळं पोलीस कचरतात. मग चोर काय करायचे? मागं पोलीस दिसले की डोक्यावरचं हेल्मेट काढून फेकून द्यायचे. आता लागा मागं!

लंडन पोलिसांनी याला उत्तर शोधलं, त्याचं नाव टॅक्टिकल कॉन्टॅक्ट. खास प्रशिक्षण घेतलेल्या ड्रायव्हरनं आपली गाडी मोपेडला मुद्दाम धडकवायची आणि चोराला खाली पाडायचं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये याचे व्हिडिओ पोलिसांनी स्वतःच टाकले आणि तुफान राडा झाला. लेबर पक्षाच्या डायान ॲबट यांनी हे धोकादायक असल्याची टीका केली. दुसरीकडं पंतप्रधान थेरेसा मे पोलिसांच्या बाजूनं होत्या. पोलिसांनी सांगितलं की त्या वर्षी जानेवारी ते ऑक्टोबरमध्ये असे गुन्हे आधीच्या वर्षीपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी झाले.

ही घट फक्त धडक देण्यामुळं झाली असं मात्र समजू नका. पळणाऱ्याच्या कपड्यांवर मारायचा खुणेचा स्प्रे, टायर पंक्चर करायचे खिळ्यांचे पट्टे असे बरेच उपाय एकाच वेळी चालू होते.

फरक इथंच आहे. लंडनचे मोपेडवाले चोर होते. सॅक्रामेंटोची पोरं नुसती जोरात चालली होती. पहिल्यांना सोडलं तर पुढच्या चौकात आणखी कुणाची तरी बॅग जाणार. दुसऱ्यांना सोडलं असतं तर बहुतेक दोघं घरी गेले असते.

आपल्याकडं काय होतं?

आपल्याकडं सिनेमासारखे पाठलाग क्वचितच होतात. आपल्याकडची पद्धत म्हणजे हवालदारानं अचानक रस्त्यात येणं, काठी आडवी धरणं, चालत्या गाडीचं हँडल नाहीतर चावी धरायचा प्रयत्न करणं. तोही एका अर्थानं पाठलागच, फक्त दोन मीटरचा. आणि तो पोलिसाच्याही जिवावर बेतू शकतो.

२०१३ च्या जुलैमध्ये दिल्लीत रात्री स्टंट करणाऱ्या बाईकवाल्यांच्या टोळक्यावर पोलिसानं गोळी झाडली. नेम टायरवर होता असं पोलिसांनी सांगितलं, पण लागली ती १९ वर्षांच्या पोराला. तो गेला. २०१८ च्या मार्चमध्ये तमिळनाडूत त्रिचीजवळ हेल्मेट नाही म्हणून एका जोडप्याला थांबवायला गेलेल्या इन्स्पेक्टरनं पाठलाग करून त्यांच्या बाईकला लाथ मारल्याचा आरोप झाला. मागं बसलेली बायको पडून गेली. हजारो लोक रस्त्यावर उतरले, इन्स्पेक्टरला अटक झाली. गुन्हा काय होता, तर हेल्मेट. तेही डोकं वाचावं म्हणून असतं.

याचा अर्थ सुसाट चालवणाऱ्यांना मोकळं सोडा असा नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची होती आणि ७१ टक्के मृत्यू जास्त वेगामुळं झाले. पण कायद्यानं पकडायचे रस्ते आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार धोकादायक गाडी चालवली तर पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १ हजार ते ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर रेस लावली तर कलम १८९ वेगळं. आणि पोरगं अल्पवयीन निघालं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९ अ लागतं. गाडी दिल्याबद्दल पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

गंमत म्हणजे, यातल्या एकाही कारवाईसाठी त्याच रात्री, त्याच रस्त्यावर बाईक पकडावी लागत नाही. नंबर मिळाला की पोलीस दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जाऊ शकतात. बाप दार उघडतो, बाईक पार्किंगमध्ये उभी असते, सायरनची गरजच नसते.

अडचण फक्त नंबरची आहे. प्लेट वर दुमडलेली, आकड्यांचं 'दादा' केलेलं, नाहीतर प्लेटच गायब. कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही, मग चौकातला हवालदार हात आडवा करून पुढं येतो. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावायची सक्ती महाराष्ट्रात झाली, तेव्हा त्याच्या खर्चावरून आणि मुदतीवरून बरीच बोंबाबोंब झाली. ती प्लेट काढायला आणि बदलायला अवघड असते, आणि सुसाट पळणाऱ्याला मागं न लागता शोधायचं तर पोलिसांच्या हातात तेवढाच धागा असतो.