दोन संगणकांची थेट जोडणी
घरातील दोन संगणक केबलने एकमेकांस जोडून फाइल व एकच आंतरजाल जोडणी सामायिकपणे वापरण्याच्या व्यवस्थेस 'दोन संगणकांची थेट जोडणी' म्हणतात.

इथरनेटच्या जुन्या प्रकारांत केबलमधील पाठवण्याची व स्वीकारण्याची तारांची जोडी वेगळी असते. दोन्ही टोकांना संगणकच असल्यास एकाची पाठवणारी जोडी दुसऱ्याच्या स्वीकारणाऱ्या जोडीस मिळावी लागते. म्हणून पूर्वी 'क्रॉसओव्हर' केबल आवश्यक असे. अलीकडचे पोर्ट ही अदलाबदल आपोआप करतात.

आंतरजालाशी जोडलेला संगणक यजमान ठरतो. तो दुसऱ्याची मागणी स्वतःच्या पत्त्याने बाहेर पाठवतो आणि उत्तर आल्यावर ते त्याच्याकडे वळवतो. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय दिली. तिच्यात यजमानाचा पत्ता १९२.१६८.०.१ असे. यजमान बंद केल्यास दुसऱ्याचे आंतरजालही खंडित होते. हा दोष राउटरमुळे दूर झाला. फाइल देवाणघेवाणीस मात्र आंतरजाल लागतच नाही. त्यासाठी संपूर्ण डिस्क खुली न करता एकच फोल्डर संकेतशब्दासह सामायिक करणे इष्ट.

एक जोडणी अनेकांत वाटण्याचे तत्त्व गावांनाही लागू पडते. मनोर ज्या पालघर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील खामलोली व आसपासच्या गावांत भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई हिने 'ग्राममार्ग' प्रकल्पाची चाचणी घेतली. दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या तरंगपट्ट्यांवरून जोडणी गावापर्यंत आणायची आणि तेथून ती वाय-फायने वाटायची, अशी ही रचना होती. या लहरी वाय-फायपेक्षा दूर पोहोचतात व झाडीतही कमी अडतात.