नाना शंकरशेट : नगरविकास आणि भाषा

मुंबईच्या उत्कर्षातील जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (१८०३–१८६५) यांचा वाटा सांगताना लोहमार्गाचा उल्लेख प्रथम होतो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या उभारणीस त्यांचे पाठबळ होते; १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. परंतु व्यापारी घराण्यातील या पुढाऱ्याने नगरविकासाचा विचार दळणवळणापुरताच केला नाही. १८४७ च्या सुमारास शिक्षणमंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजी माध्यमाचा कैवार घेत असता, सभासद या नात्याने नानांनी देशी भाषांचा पक्ष मांडला. सामान्य जनांपर्यंत विद्या पोहोचावयाची तर ती त्यांच्याच भाषेतून दिली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. लोहमार्ग पुढे देशभर पसरला. माध्यमाचा तो वाद मात्र अद्यापि मिटलेला नाही.