इंजिन अडखळतें तेव्हां

जुन्या वेगवान मोटारीचें इंजिन अडखळूं लागलें कीं मालकाचा हात प्रथम कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. गाडी धक्के देते, चढावर दम टाकते. तेव्हां पेट्रोलाचेंच कांहीं बिनसलें असावें, असें त्याला वाटतें. पुष्कळदां मूळ दोष ठिणगीचा असतो. तो तसाच राहतो, आणि कार्ब्युरेटरांची नीट बसलेली घडी मात्र विसकटते. एका रोगाचे दोन होतात. इकडे न जळलेलें पेट्रोल मुक्या सिलिंडरच्या भिंतीवरचें तेल धुऊन खालीं उतरतें आणि तळच्या तेलांत मिसळून तें पातळ करतें. महिना दोन महिने अशी गाडी हांकली तर शंभर रुपयांच्या प्लगचें दुखणें रिंगा आणि बेअरिंगांवर येऊन बसतें.

श्रोतेहो, उदाहरणादाखल आपण एकच गाडी घेऊं: इंग्लंडांत कॉव्हेन्ट्री येथें तयार झालेली जॅग्वार ई-टाइप. मार्च १९६१ मध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत ती प्रथम लोकांसमोर आली. पहिल्या गाड्यांत ३.८ लिटरचें, एका रांगेंत सहा सिलिंडर असलेलें इंजिन होतें, आणि ताशीं १५० मैलांचा वेग तिच्या नांवावर सांगितला जाई. या इंजिनाची रचना दोष शोधणाऱ्याला मोठी सोयीची आहे. प्लग सहा व त्यांच्या तारा सहा. कार्ब्युरेटर तीन, म्हणजे मुख्यत्वें दोन सिलिंडरांमागें एक. कॉइल, पॉइंट व कंडेन्सर मात्र साऱ्यांत मिळून एकेकच. म्हणून पहिला प्रश्न विचारावयाचा तो ‘इंजिन कां अडखळतें’ हा नव्हे, तर ‘किती सिलिंडर अडखळतात’ हा. एकच सिलिंडर सतत मुका असेल, तर दोष त्याच्या प्लगांत, तारेंत किंवा व्हॉल्व्हांत शोधावा. शेजारचे दोन दुबळे असतील, तर त्यांच्या कार्ब्युरेटरांत किंवा दोहोंमधल्या गॅस्केटांत. आणि आतां हा, मग तो, असे सगळेच बेभरंवशाचे झाले असतील, तर समाईक वस्तूंत.

हें पुष्कळसें कानांनींच कळतें. मिनिटाला ६०० फेरे होत असतां सेकंदाला ३० स्फोट होतात. ते वेगळे ऐकूं येत नाहींत. परंतु एक सिलिंडर गळाला कीं ठेक्यांत ठराविक जागीं खंड पडतो, तबलजीचें एकच बोट दर आवर्तनांत चुकावें तसा. समाईक दोषांत हा खंड कोठेंही पडतो. खात्रीसाठीं इंजिन बंद करून एका प्लगची तार काढावी, तिचें टोंक इंजिनाच्या धातूला पक्कें जोडावें, आणि मग इंजिन सुरू करावें. चाल आणखी बिघडली तर तो सिलिंडर कामाचा. कांहींच फरक पडला नाहीं तर रोगी सांपडला. चालत्या इंजिनाची तार नुसत्या हातानें ओढूं नये. हजारों व्होल्टांचा झटका बसतो, आणि पेट्रोलाची वाफ जवळच असते.

येथें एक गमतीची गोष्ट. या इंजिनांत सिलिंडर मागून पुढें मोजतात, आणि ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे. कोणी पुढून मोजून तारा लावल्या तरी क्रम हाच राहतो. फक्त प्रत्येक ठिणगी एक पूर्ण फेरा चुकते. मग इंजिन सुरू होत नाहीं, कार्ब्युरेटरांतून भडका मात्र मारतें, आणि बिचाऱ्या कार्ब्युरेटरांवरच पुन्हां आळ येतो.

अडखळ केव्हां होते, हेंही पाहावें. उभ्या गाडींत चाल सुरेख, पण चढावर किंवा एकदम वेग देतांच धक्के, असें असेल तर संशय ठिणगीवर घ्यावा. वेग देतांना सिलिंडरांत अधिक हवा शिरते, ती दाबली गेली कीं दाट होते, आणि दाट हवेंतून उडी मारावयास ठिणगीला अधिक व्होल्ट लागतात. चिरलेली टोपी, जुनी तार, अंतर वाढलेला प्लग यांचें दौर्बल्य त्या क्षणीं उघडें पडतें. पॉइंटमधील अंतर सुमारें ०.४ मिलिमीटर असावें. गाडी पंधरावीस मिनिटें नीट चालून मग अडखळत असेल व थंड झाल्यावर पुन्हां सुधारत असेल, तर कंडेन्सर किंवा कॉइल तपासावी. कंडेन्सर नवा आहे म्हणून चांगलाच आहे, असें समजूं नये. प्लग दोन्ही कॅमच्या झांकणांमधल्या खोलगट भागांत असल्यामुळें गाडी धुतल्यावर तेथें पाणी सांचतें, हेंही विसरूं नये.

याच्या उलट, मंद गतींत खडखड पण वेगांत चाल सुरळीत, असें दिसलें तर कोठून तरी जादा हवा आंत शिरत असावी किंवा व्हॉल्व्ह नीट मिटत नसावा. थंड इंजिनांत आंत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.१० व बाहेर टाकणाऱ्याला ०.१५ मिलिमीटर मोकळीक लागते. बैठक झिजत जाते तशी ही मोकळीक कमी होते, टकटक थांबते, आणि मालकाला वाटतें, इंजिन शांत झालें! प्रत्यक्षांत बाहेरचा व्हॉल्व्ह जळूं लागलेला असतो. दाबमापक लावून सहाही सिलिंडर पडताळावे. एखादा फार खालीं असेल तर त्यांत चमचाभर तेल घालून पुन्हां मोजावा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, न वाढला तर व्हॉल्व्ह.

एवढें झाल्यावर कार्ब्युरेटर. पेट्रोलही आतां पूर्वीचें राहिलें नाहीं. ग्रेट ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलांत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. भारतांत हें प्रमाण २०२५ मध्यें २० टक्क्यांवर पोंचलें. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खराब करतें, पाणी शोषून घेतें आणि मिश्रण विरळ करतें. म्हणून आधीं नळ्या पाहाव्या. मग ऊन इंजिन मंद चालत असतां एका कार्ब्युरेटरचा पिस्टन मिलिमीटरभराहूनही कमी उचलावा. गति वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त. लगेच पडली तर कमी. क्षणभर किंचित् वाढून पूर्ववत् झाली तर बरोबर. तिन्ही कार्ब्युरेटरांवर हें करावें. मात्र त्यापूर्वीं पिस्टनच्या दांडींतील तेल पाहावें. वेग देतांच गाडी गचकते ती पुष्कळदां तेवढ्यानेंच.