रीझनिंगचा अभ्यास करता येतो का? बीबीए-बीसीए सीईटीपूर्वी हे समजून घ्या

मुदखेड : एआयसीटीई मान्यता असलेल्या महाविद्यालयात बीबीए किंवा बीसीए करायचे तर आता केवळ बारावीचे गुण पुरत नाहीत. हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात २०२४ मध्ये त्यांची पहिली सीईटी झाली. पेपरमध्ये इंग्रजी, रीझनिंग, सामान्य ज्ञान आणि संगणक. यातले रीझनिंग म्हणजे 'डोक्याची परीक्षा', मग त्याचा अभ्यास कसा करणार? आणि त्यासाठी मुदखेडहून रोज नांदेडला क्लासला जायचे का?

अभ्यासाने गुण वाढतात का?
वाढतात, पण मर्यादेत. ३, ७, १५, ३१ यानंतर काय? दुप्पट करून एक मिळवायचा, उत्तर ६३. पहिल्यांदा पाहणाऱ्याला दोन मिनिटे लागतील, अशा वीस मालिका सोडवलेल्याला दहा सेकंद. बुद्धी तीच असते, ओळख वाढलेली असते. वाचलेला वेळ पुढच्या प्रश्नाला मिळतो.

संशोधन काय सांगते?
अमेरिकेतील 'सॅट' १९२६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या नावातच 'अ‍ॅप्टिट्यूड' होते. १९९० मध्ये तो शब्द काढून 'असेसमेंट' केला गेला. तिथल्या कोचिंगचा आढावा घेणाऱ्या २००९ च्या एका अहवालात सरासरी फायदा १६०० पैकी सुमारे ३० गुणांचाच दिसला. १९८१ च्या अभ्यासाचा निष्कर्ष आणखी उपयोगाचा: सुरुवातीच्या तासांत फायदा जास्त, पुढे तास वाढवले तरी वाढ मंदावते. परीक्षा वेगळी असली तरी ही दिशा आपल्यालाही लागू पडावी.

सर्वात लवकर काय सुधारते?
वेळेचे नियोजन. २०२४ च्या सीईटीत ९० मिनिटांत १०० प्रश्न होते, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. निगेटिव्ह मार्किंग नव्हते. चार पर्यायांचे १६ प्रश्न कोरे सोडले तर शून्य. अंदाजे उत्तर दिले तरी सरासरी चार गुण. नियम दरवर्षी माहिती पुस्तिकेत तपासावेत.

सर्वात उशिरा काय सुधारते?
इंग्रजी. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने शेवटच्या महिन्यात शब्द पाठ करून उतारा वाचण्याचा वेग येत नाही. त्यासाठी अकरावीपासून रोज अर्धा तास वाचनच हवे.

गुण वाढले, तरी पर्सेंटाइल का नाही?
९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के विद्यार्थी तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी. सगळ्यांनीच सराव केला तर तुमचे गुण वाढूनही जागा तीच राहू शकते. उलट, इतर सराव करत असताना आपण न करणे म्हणजे मागे पडणे.

मग क्लास लावायचा का?
आधी घरी घड्याळ लावून, शक्यतो संगणकावर, एक पूर्ण पेपर सोडवा. चुकांचे तीन गट करा: येतच नव्हते, वेळ पुरला नाही, प्रश्न नीट वाचला नाही. पहिला गट मोठा असेल तर शिकवणारे कोणीतरी हवे. शाळेतले गणिताचे किंवा इंग्रजीचे सरही चालतील. दुसरा-तिसरा गट मोठा असेल तर फी भरण्याआधी आणखी पाच पेपर सोडवून पाहा. सहाव्या पेपरचे गुण पहिल्याशी ताडून पाहिले की फी भरायची की नाही, हे घरीच कळेल.