बेटाची पुढची बाजू, बेटाची मागची बाजू

मुलांनो, निळ्याशार पाण्यात लाकडी खांबांवर उभी असलेली गवती छपराची घरं तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिली असतील. घराला छोटासा ओटा आणि ओट्यावरून थेट समुद्रात उतरणारी शिडी! हे चित्र बहुतेक वेळा मालदीवचं असतं, आणि त्या घरांना तिथे व्हिला म्हणतात. अशा एका बेटावर आम्ही दिवाळीच्या सुट्टीत तीन रात्री राहून आलो. प्राथमिक शाळेतल्या बाईंना हे कसं परवडलं, असा प्रश्न तुमच्या आईबाबांना पडला असेल. तर त्याचं असं आहे, की माझा मावसभाऊ तिथल्या स्वयंपाकघरात नोकरीला आहे, आणि कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना तिथे बरीच सवलत मिळते. शिवाय आमचा व्हिला पाण्यावरचा नव्हता, झाडीतला होता. पाण्यावरचा नुसता आत डोकावून पाहिला!

मुंबईहून विमानाने तीन तासांच्या आत माले येतं. गंमत म्हणजे विमानतळ माले शहरात नाहीच, तो शेजारच्या हुलुले नावाच्या बेटावर आहे. दारातून बाहेर पडलं की रिक्षा-टॅक्सीऐवजी समोर होड्या उभ्या! लांबच्या बेटांवर जायला पाण्यावर उतरणारी छोटी विमानं असतात. ती फक्त उजेडातच उडतात, आणि त्यांचे कर्मचारी पुष्कळदा अनवाणीच असतात. आम्ही मात्र वेगवान होडीने गेलो. पाऊण तास नुसती आदळआपट. माझ्या लेकीला मजा वाटली, आणि तिच्या बाबांनी डोळे मिटून घेतले ते धक्का आल्यावरच उघडले.

मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटं आहेत आणि त्यांतल्या दोनशेच्या आसपास बेटांवरच लोकांची वस्ती आहे. रिसॉर्टांचा नियम साधा: एक बेट, एक रिसॉर्ट. म्हणजे आम्ही राहिलो त्या बेटावर गाव नाही, दुकान नाही, शाळा नाही. सगळं बेट पायी वीस मिनिटांत फिरून होतं. पहिल्या दिवशी चपला काढल्या त्या निघायच्या दिवशी घातल्या. व्हिलाभोवती दाट झुडपांचं कुंपण, शेजारी कोण राहतं ते दिसायचं नाही. न्हाणीघराला भिंती होत्या, पण छप्पर नव्हतं. आंघोळ करताना वर नारळाची झावळी हलत असते. "आई, कावळा बघतोय!" असं लेक आतून ओरडली. कावळे तिथेही आहेत, बरं का!

हे सगळं सुरू झालं १९७२ साली. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने पाहणी करून, ही बेटं पर्यटनाला योग्य नाहीत, असं मत दिलं होतं. चांगला विमानतळ नाही, बँक नाही, परदेशी टेलिफोन नाही. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! पण १९७२च्या सुरुवातीला इटलीहून पाहुण्यांचा एक छोटा गट आला, आणि त्याच वर्षी मालेजवळच्या एका बेटावर पहिलं रिसॉर्ट उघडलं. खोल्या फक्त तीस. भिंती पोवळ्याच्या दगडाच्या आणि छप्पर झावळ्यांचं. नाव कुरुम्बा, म्हणजे तिथल्या दिवेही भाषेत शहाळं. आज तिथे पावणेदोनशेच्या आसपास रिसॉर्टं आहेत. २०२४ साली वीस लाखांहून जास्त पाहुणे येऊन गेले. देशाची लोकसंख्या आहे सुमारे पाच लाख! म्हणजे घरात पाच माणसं आणि वर्षभरात वीस पाहुणे, असा हिशेब झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने नळ सोडला आणि विचारलं, "आई, इथे नदी नाही, धरण नाही. मग हे गोडं पाणी कुठून येतं?"

प्रश्न बरोबर होता. व्हिलात बसून याचं उत्तर मिळणार नव्हतं. तिथली सगळी रचनाच अशी असते, की पाहुण्याला नळ दिसावा, पण पंप दिसू नये. लेकीचा मामा म्हणाला, "साहेबांना विचारतो, मग मागची बाजू दाखवतो." तशी परवानगी मिळाली.

प्रत्येक रिसॉर्टला अशी एक मागची बाजू असते. दाट झाडीच्या आड एक फाटक, आणि ते ओलांडलं की एकदम दुसरंच जग. जनित्रांची घरघर, डिझेलच्या टाक्या, धोबीखाना, गोदामं, सुतारकामाची शेड, कर्मचाऱ्यांच्या दुमजली चाळी आणि त्यांची स्वतःची खाणावळ. आम्ही होतो त्या बेटावर पाहुण्यांपेक्षा काम करणारी माणसं जास्त होती. मालदीवचे तर होतेच, शिवाय भारत, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ इथलेही होते.

पाण्याचं उत्तर तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मिळालं. तुमच्या घरी आर.ओ.चं पाणी शुद्ध करण्याचं यंत्र असेल, तर त्याचाच हा थोरला भाऊ समजा. समुद्राचं पाणी प्रचंड दाबाने अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यावर ढकलतात. पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं. हा दाब किती? आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या साठपट तरी! एवढा दाब द्यायला वीज लागते आणि ती वीज बहुतेक ठिकाणी डिझेलवर तयार होते. सौर पट्ट्या वाढताहेत, पण मुख्य भार अजून डिझेलवरच आहे. म्हणजे आमच्या बिनछपराच्या न्हाणीघरातली प्रत्येक बादली डिझेल जाळून भरत होती. लेकीने तेव्हापासून दात घासताना नळ बंद ठेवायला सुरुवात केली. घरी मी तेच सांगून थकले होते, ते सोडा.

वाळूच्या खाली पावसाचं थोडं गोडं पाणी साठतं. ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पण उपसा जास्त झाला की खालचं खारं पाणी वर येतं. त्यामुळे माले शहराचाही भरवसा यंत्रांवरच आहे. ४ डिसेंबर २०१४ रोजी मालेतल्या या कारखान्यात आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ एकदम कोरडे पडले. भारताने तेव्हा विमानांतून आणि नौदलाच्या जहाजांतून पिण्याचं पाणी पाठवलं. चहूबाजूंनी पाणी आणि प्यायला थेंब नाही, याचा अर्थ त्या दिवसांत तिथल्या मुलांना नीट कळला असेल.

पाण्यावरच्या व्हिलांचं सांडपाणी कुठे जातं, हे विचारायला बाबा लाजत होते; मी विचारलं. लाकडी पुलाखालून नळ बेटावर येतात, तिथे पाणी शुद्ध करतात आणि ते झाडांना घालतात. कचरा होडीने थिलाफुशी नावाच्या बेटावर जातो. मालेजवळचं हे बेटच मुळी कचऱ्याचं आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून उथळ पाण्यात भर टाकून ते तयार झालं. कित्येक वर्षं तिथे उघड्यावर कचरा जळत असे आणि धूर लांबून दिसे. २०२१ साली ते जाळणं थांबवलं.

मामाच्या स्वयंपाकघरात ट्यूना मासा तेवढा तिथला. तो मालदीवचे कोळी जाळ्याने पकडत नाहीत, गळाच्या काठीने एकेक करून पकडतात. बाकी सगळं बोटीने येतं. कांदे, बटाटे, तांदूळ, पीठ, साखर, अंडी या गोष्टी १९८१च्या व्यापार करारानुसार भारत दरवर्षी ठरलेल्या प्रमाणात मालदीवला देतो. त्या यादीत आणखी एक जिन्नस आहे. ओळखा पाहू! नदीची वाळू! चारी बाजूंना वाळू असलेला देश आपल्याकडून बांधकामाला वाळू घेतो. कारण तिथली वाळू खारी, आणि ती काढली तर बेटच जाईल.

ही वाळू मोठी अजब आहे. आपल्याकडची वाळू खडकांची झीज होऊन झालेली असते. मालदीवची बेटं पोवळ्यांच्या बांधांवर उभी आहेत, आणि पोवळी हे अगदी बारीक जीवांनी बांधलेले चुन्याचे सांगाडे. तिथल्या पाण्यात पोपटासारखी चोच असलेले रंगीत मासे असतात. त्यांना पोपटमासे म्हणतात. शेवाळ खाण्यासाठी ते पोवळं कुरतडतात, घशातल्या दातांनी दळतात आणि न पचलेली चुन्याची भुकटी बाहेर टाकतात. आलं का लक्षात? ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर लोक फोटो काढून घेतात ती बरीचशी माशांची शी आहे! वक्कारू बेटाचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या बांधावर नव्याने तयार होणाऱ्या वाळूतली ८५ टक्क्यांहून जास्त वाळू या माशांनी दळलेली निघाली. हे ऐकल्यावर माझी लेक एक तास किल्ला करायला तयार नव्हती.

त्यातली मूठभर वाळू आठवण म्हणून आणायचीही सोय नाही. वाळू आणि पोवळी देशाबाहेर नेायला बंदी आहे. पूर्वी मात्र इथून जहाजं भरभरून एक गोष्ट बाहेर जाई, ती म्हणजे कवडी. उथळ पाण्यात झावळ्या टाकून ठेवायच्या, त्यांना कवड्या चिकटल्या की ओढून काढायच्या. त्या बंगालपर्यंत आणि त्याही पुढे नाणं म्हणून चालत. आपण 'फुटकी कवडी देणार नाही' म्हणतो ना, त्या काळच्या पैशाचंच हे नाव!

तिसऱ्या दिवशी आम्ही होडीने वस्तीच्या एका बेटावर गेलो. पूर्वी पाहुण्यांना अशा बेटांवर मुक्काम करता येत नसे. २००९ सालानंतर गावकऱ्यांनाही छोटी पाहुणेघरं चालवायची मुभा मिळाली. स्वस्तात मालदीव पाहायचं असेल, तर आईबाबांनी याचा विचार जरूर करावा. मला स्वतःला रिसॉर्टपेक्षा हे गाव आवडलं. वाळूचे रस्ते, दारात जाळीच्या टांगत्या खुर्च्या आणि त्यांत बसून गप्पा मारणाऱ्या आजीबाई!

माझे पाय अर्थातच शाळेकडे वळले. फाटकापाशी केरळच्या एक गणिताच्या बाई भेटल्या. कितीतरी भारतीय शिक्षक तिथे शिकवतात. बाकी विषय इंग्रजीतून आणि दिवेही भाषा वेगळी, असा प्रकार असतो. दिवेहीची लिपी उजवीकडून डावीकडे जाते. तिची पहिली नऊ अक्षरं चक्क अरबी अंकांवरून आणि पुढची नऊ जुन्या स्थानिक अंकांवरून घेतलेली आहेत. आकडे मात्र आपल्या ओळखीचे: एके, दे, तिने, हतरे, फहे. आपला 'स' तिथे 'ह' होतो. सहाला हये, साताला हते. सुट्टी शुक्रवारी आणि शनिवारी.

त्या बाईंनी मुलांना विचारून आम्हाला गावातली सर्वांत उंच जागा दाखवली. मला तर चढ जाणवलाच नाही! सगळ्या मालदीवमध्ये नैसर्गिक जमिनीची सर्वांत जास्त उंची सुमारे अडीच मीटर आहे, आणि बहुतेक जमीन एका मीटरच्याही आतली. २६ डिसेंबर २००४च्या सुनामीत तिथली ८०हून अधिक माणसं गेली. कंदोळुदू नावाचं बेट तर राहण्यालायक उरलं नाही. तिथल्या हजारो लोकांना चार वर्षांनी दुवाफारू या ओसाड बेटावर नवीन घरं मिळाली. सगळी शाळा, सगळे शेजारी, सगळं गावच दुसऱ्या बेटावर! १७ ऑक्टोबर २००९ रोजी तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी आणि मंत्र्यांनी पाणबुड्यांचे पोशाख घालून समुद्राच्या तळाशी मंत्रिमंडळाची बैठक घेतली. समुद्राची पातळी वाढतेय, हे जगाच्या डोळ्यांसमोर आणायचं होतं. पाणी तापलं की पोवळी पांढरी पडून मरतात. १९९८ आणि २०१६ साली हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. पोवळी गेली की लाटा अडवणारा बांध जातो, आणि नवी वाळूही.

शेवटच्या पहाटे मामाची पाळी सुरू व्हायची होती, म्हणून निरोप घ्यायला आम्ही साडेपाचलाच बाहेर पडलो. मामा अकरा महिने सलग तिथे असतो. त्याचा मुलगा तिसरीत आहे. त्याला द्यायला त्याने एक पोपटमाशाचं चित्र स्वतः काढून माझ्याकडे दिलं. किनाऱ्यावर पाच-सहा माणसं कंबरभर पाण्यात उभी होती. वारे बदलले की तिथली वाळू बेटाच्या एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूला जाते. ती ते परत आणत होते. जाड पाइपातून वाळू आणि पाणी धबधब्यासारखं पडत होतं, दोघे जण फावड्याने पसरत होते, आणि खाली वाळूने भरलेल्या गोण्यांची रांग दिसत होती. "हे रोज करता?" मी विचारलं. "या दिवसांत रोज," त्यांच्यातला एक जण हिंदीत म्हणाला.

आठ वाजता पाहुणे न्याहारीला निघाले, तेव्हा पाइप गुंडाळून झाडीआड गेला होता आणि गोण्यांवर वाळू सारखी झाली होती.