रेवंडीचा नाटकवाला

मालवणातून कोळंबचा पूल ओलांडला की रेवंडी येतं. गावची देवी भद्रकाली. मुंबईत नाटकाच्या जाहिराती वाचणाऱ्यांना हे नाव तोंडपाठ आहे, कारण मच्छिंद्र कांबळी नावाच्या रेवंडीकराने ते आपल्या नाट्यसंस्थेला दिलं.

४ एप्रिल १९४७ चा त्यांचा जन्म. लोक त्यांना ओळखतात ते ‘वस्त्रहरण’ या मालवणी नाटकातले तात्या सरपंच म्हणून. पण त्यांच्यातला निर्माता नटाइतकाच मोठा होता. निर्माता म्हणजे थिएटरच्या तारखा मिळवणारा, जाहिरातीचे पैसे आधी भरणारा, दौऱ्याची बस काढणारा आणि प्रेक्षक आला नाही तरी नटांची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, चुकती करणारा माणूस.

सिंधुदुर्गाला हा धंदा नवा नाही. भातकापणी आटोपली, जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळं गावोगाव निघतात. देवळापुढे रंगमंच, त्यावर एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच वनातली शिळा. पेटी, मृदंग, झांज. लिहिलेली संहिता नाही, संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे. साडी नेसून द्रौपदी होणारा पुरुषच. हे सगळं सांभाळणारा मंडळाचा मालक, म्हणजे आपला निर्माताच!

गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ याच मातीतलं. मूळ नाव ‘आज काय नाटक होवचा नाय’. गावकरी पौराणिक नाटक बसवतात आणि ऐन प्रयोगात एकेकाची त्रेधा उडते, एवढीच गोष्ट. १६ फेब्रुवारी १९८० ला पहिला प्रयोग झाला. सुरुवातीला खुर्च्या रिकाम्याच राहत. मग पु. ल. देशपांडे नाटक बघून गेले, त्यांनी मनापासून कौतुकाचं पत्र लिहिलं आणि नाटकाचं नशीब फिरलं. पुढे प्रयोग पाच हजारांवर गेले, नाटक लंडनपर्यंत पोचलं.

याआधी मराठी रंगभूमीवर मालवणी बोलायचा तो बहुधा घरगडी. कांबळींनी ती बोली सरपंचाच्या तोंडी दिली, आणि ती न बोलणारी माणसंही तिकीट काढून ऐकायला आली. हे त्यांचं सर्वांत मोठं काम.

१९८२ साली त्यांनी ‘भद्रकाली प्रॉडक्शन्स’ काढली. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरणी संप सुरू झाला होता. लालबाग-परळचा कोकणी चाकरमानी हा मालवणी नाटकाचा हक्काचा प्रेक्षक, आणि त्याचाच पगार बंद. अशा काळात संस्था उभी करायला छातीच लागते. ‘पांडगो इलो रे बा इलो’, ‘येवा कोकण आपलाच आसा’ अशी नाटकं येत राहिली.

३० सप्टेंबर २००७ ला, साठाव्या वर्षी, कांबळी गेले. संस्था मुलाने, प्रसाद कांबळींनी, चालवली. २०१७ साली तिने प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ आणलं. तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई, दोनच बायका, विनोदी फार्सशी काही संबंध नाही. तरी लोकांनी ते डोक्यावर घेतलं.

काळजी आहे ती जागेची. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं, गिरणगावातल्या कोकणी माणसाचं घरचं थिएटर. पुनर्विकासासाठी ते २०२३ च्या अखेरीस बंद झालं. इकडे मालवणात मामा वरेरकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे, पण मुंबईची बस इथवर आणायची म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटर. नेपथ्याचा ट्रक, वीस-पंचवीस माणसांचं जेवणखाण, मुक्काम. एका प्रयोगात हा खर्च निघत नाही. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशा तारखा ओळीने लागल्या तरच दौरा परवडतो. त्यातली एक तारीख पडली की सगळं गणित बिघडतं. पावसाचे चार महिने तर धरायचेच नाहीत. आणि इतकं करून नाटक आलं, की गावातले ओळखीचे आधी पास मागतात.

तेव्हा मालवणकरांनो, पुढच्या वेळी नाट्यगृहावर फलक दिसला तर पासासाठी फोन करू नका. खिडकीवर जा आणि तिकीट काढा.