नाकावरचे फडके

वाणगाव परिसरात मिरचीवर फवारणी करणारा माणूस तोंडाला गमछा बांधतो, भात झोडणारी बाई पदर नाकावर ओढते, आणि बोईसरला पाळीवर जाणारा कामगार उग्र वास आला की रुमाल ओला करून धरतो. तिघांनाही वाटते, आपण एकच उपाय करतो आहोत. प्रत्यक्षात तिघांचे शत्रू निराळे. हे मला कळले ते स्वतःच्या दम्यामुळे आणि आईच्या सीओपीडीमुळे.

आईने आयुष्यात विडी ओढली नाही. चाळीस वर्षे फुंकणी फुंकली. पूर्वी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी चुलीच्या धुराकडे अनेक वर्षे लक्ष वेधत आले आहेत. धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवरील त्यांचा लेख २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. देशात १९९० साली या रोगाचे अंदाजे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ साली ५ कोटी ५३ लाख.

आता मास्ककडे येऊ. मास्क ही चाळणी आहे, हा गैरसमज. एन-९५ च्या धाग्यांमधली अंतरे कणांपेक्षा मोठी असतात. जड कण वळण न घेता धाग्यावर आदळतात. अतिसूक्ष्म कण भिरभिरत जाऊन चिकटतात. सर्वांत निसटता असतो तो मधला, साधारण ०.३ मायक्रॉनचा. त्याला पकडायला धाग्यांवर विद्युतभार दिलेला असतो, आणि मास्क धुतला की तो भार उतरतो. गमछ्यात यातले काहीच नाही. तो तूस अडवतो, धूर नाही.

वायू तर एन-९५ मधूनही आरपार जातो. हे आपल्याकडे विशेष ध्यानात घ्यावे, कारण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक वसाहत ९३.६९ गुणांनी देशात पहिली होती. (असला पहिला नंबर!) ओला रुमाल अमोनियासारखा पाण्यात विरघळणारा वायू थोडा शोषतो, तोही तिथून पळ काढण्यापुरता. १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन सुटला तेव्हा सैनिकांनी हेच केले होते. पुढे वायुमुखवट्यांत कोळसा आला, आणि त्यासाठी नारळाच्या करवंट्या उत्तम ठरल्या. त्या आपल्या वाड्यांत ढिगाने पडलेल्या असतात.

खरी अडचण पुढेच आहे. सीओपीडीत हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे कठीण. फुगलेली छाती रिकामी होण्याआधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो. त्यात घट्ट मास्कचा अडथळा आला की जीव घाबरा होतो. झडपेचा मास्क उच्छ्वासाला सोपा, पण बाहेर जाणारी हवा तो गाळत नाही. म्हणून रुग्णालयांत तो चालत नाही. उलट पहाटेच्या गारठ्यात ज्यांचा दमा उसळतो त्यांना साधा मास्कही सुखाचा, कारण आत जाणारी हवा कोमट आणि दमट होते. एकाच घरात आम्हा दोघांना दोन न्याय लागत होते.

२०२१ साली एका दवाखान्याच्या दारात, मास्क हनुवटीवर आला म्हणून, आईला थांबवले. जिना चढून आली होती ती. रखवालदाराचे नियमाने बरोबर होते. तिला बोलता येत नव्हते, म्हणून मी बोललो, आणि वाकडे बोललो. बसून श्वास जाग्यावर आल्यावर मास्क लावू द्या, एवढेच सांगायला हवे होते.

घरी गॅस आहे. आंघोळीचे पाणी मात्र अजून चुलीवरच तापते, आणि तिथे ती मास्क लावत नाही.